तिरप्या अक्षरांचं आवतण

आधीच सांगते, माझं तोंड वाईट हाय. कुणी उगं शहाणपण शिकवाय लागलं की मला गप बसवत न्हाई, मंग तो सोयरा आसो की सरपंच. तवा सांगता सांगता कुणाला काय बोलले तर राग मानू नगा. पण एवढी बोलणारी बाई परवा देवीपुढं जे बोलून बसली, त्याची शरम अजून अंगातून जाईना झालीय. भाकरी थापतानाबी आठवतं आन हात थांबतो.

मी तारामती. आमचं गाव चाकूरच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. माहेर माझं लांब, इस्लापूरकडं. तिथं शाळा वढ्याच्या पलीकडं होती, आन वढा वलांडायला भावाला मोकळीक, मला न्हाई. सासरी शाळा घराला चिकटून निघाली, पण तवा मी पाटीच्या वयाची राहिले न्हवते. आसं करत करत केस पिकले. चाकूरच्या ष्टँडवर हुबं राहून "ओ भाऊ, ही गाडी कुठं जाती?" आसं इचारायचं, आन कंडक्टर म्हणायचा, "पाटी दिसत न्हाई का मावशी?" दिसत होती की. दिसत होती म्हणूनच जास्त राग यायचा.

गेल्या साली महामायानं शाळेच्या वऱ्हांड्यात बायांचा वर्ग काढला. महामाया आमच्या अंगणवाडीतली बाई, माझ्या लेकीच्या वयाची, पण बोलणं लई गोड. जनावरं बांधली की आम्ही बाया पाटी घेऊन जायचो. शेजारची नीलाबाई तर पहिल्या दिशी पाटी पदराखाली झाकून आली, कुणाच्या रानातून वांगी तोडून आणल्यावाणी. महामायानं पहिल्यांदा ज्याचं त्याचं नाव शिकवलं. म्हणली, "आधी आपलं नाव ओळखायचं काकू, मग बाकीचं मागून येतं." म्या ते नाव कुठं कुठं लिहिलं म्हणून इचारू नगा. राखेत लिहिलं, पिठाच्या डब्यावर लिहिलं, बांधावर काडीनं लिहिलं. आमचे मालक म्हणले, "आता म्हशीच्या पाठीवर तेवढं राहिलं." म्या म्हणलं, "म्हशीला तरी अक्कल हाय, ती हासत न्हाई."

आन मी वाचाय लागले. सावकाश, बोट ठिवून, पण वाचाय लागले. बसची पाटी, औषधाची बाटली, साखर बांधून आलेला पेपर. लई खुशी व्हायची. कंडक्टरला इचारायचं सोडून दिलं, उलट दुसऱ्या बायांला मीच सांगाय लागले, ही उदगीरची, ही अहमदपूरची.

आता माझी लेक. आरती नांदेडला एका छापखान्यात हाय, कंप्युटरवर पत्रिका जुळवायचं काम करती. लग्नाच्या, वास्तूच्या, तेराव्याच्या. तिला अक्षरांचं येडच हाय. रस्त्यानं चालली तरी दुकानांच्या पाट्यांला नावं ठिवत चालती. दिवाळीला आली तवा तिनं मोबाइलमधी मला एक वळण दाखवलं. सगळी अक्षरं एका अंगाला कललेली, वारं सुटल्यावर ज्वारी कलती तशी. एक रेघ जाड, तर दुसरी केसाएवढी बारीक. वेलांटीला लांबलचक शेपूट, कान्याला खाली आकडा, आन डोक्यावरची रेघ तर सलग न्हाईच, तुटक तुटक.

"हे तिरपं वळण आई," ती म्हणली. "जुने लोक बोरूनं लिहायचे ना, त्याच्यावरून केलंय. किती नाजूक आहे बघ. पण हे फक्त नावाला वापरायचं. देवाचं नाव, नवरा-नवरीचं नाव, नाहीतर मानपत्रावर ज्याचा सत्कार त्याचं नाव. गिऱ्हाईक म्हणतं सगळी पत्रिकाच ह्याच्यात करा. मी त्यांना सांगते, काका, वाचणाऱ्याचा जीव जाईल. बाकीचा मजकूर उभ्या, ठसठशीत अक्षरात."

"बरोबर हाय," म्या म्हणलं. "रोज पुरणपोळी घातली तर माणूस आजारी पडंल." तवा म्या ते वळण नुसतं बघितलं, वाचून बघितलं न्हाई. नाजूक हाय, चांगलं हाय म्हणून मोबाइल परत दिला.

आरतीचं लग्न उदगीरच्या सत्यमशी ठरलं. पोरगा मास्तर हाय, गरीब गाय. आमच्या घराण्यात पहिली पत्रिका गावातल्या रेणुकेला जाती. देवाला पत्रिका सगळेच देतात, पण आमच्यात ती नुसती पायाशी ठिवून भागत न्हाई, देवीपुढं मोठ्यानं वाचावी लागती. सासरे सांगायचे, देवी कागद बघत न्हाई, ती ऐकती. आन वाचणारा आडखळला तर आवतण अर्धं राहतं, देवी निम्म्या वाटंवरून माहूरला परत फिरती. म्हणून घरातला शिकलेला माणूस वाचायचा. सासऱ्याच्या मागं आमचे मोठे दीर हणमंतराव वाचतात, आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांचा आवाज आसा, की ते वाचाय लागले की पारावरची कुत्री उठून जातात.

म्या ठरवलं, ह्या बारीला मी वाचणार. माझी लेक, माझी देवी, आन आता अक्षरबी माझं. पंगतीला सगळे बसले तवा बोलून टाकलं. दादांचा घास हातातच राहिला.

"वाच की," ते म्हणले. "कोण नगं म्हणतंय. पण पाटीवरचं ग म भ न न्हाई ते. देवीपुढं आडखळू नगंस, एवढंच."

"न्हाई आडखळणार दादा," म्या म्हणलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गावभर झालं. बायांला तर निराळाच विषय मिळाला. पत्रिकेत मालकाचं नाव येणार, आन ते मला सगळ्यांपुढं मोठ्यानं घ्यावं लागणार. एवढ्या वर्षांत म्या ते उखाण्याबाहेर कवा घेतलं न्हवतं. नीलाबाई म्हणायची, "तारा, तू 'शे' म्हणूनच गळाठशील बघ." म्हणून मी रानात जाऊन सवय करत होते. सोयाबीनमधी खुरपत खुरपत "शेषेराव, शेषेराव" करायचे. एकदा मालकच मागून आले आन म्हणले, "काय काम होतं?"

महामायानं गावातल्या जुन्या पत्रिका गोळा करून दिल्या. सगळ्या उभ्या अक्षरातल्या, लाल शाईतल्या, आन सगळ्यांत तेच तेच. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पासून 'आपले विनीत' पर्यंत. वाचून वाचून तोंडपाठ झालं. महामाया म्हणायची, "काकू, पाठ करू नका. वाचा." मी म्हणायचे, "वाचूनच राहिले की गं." तिला सगळं कळत होतं, पण माझ्या तोंडापुढं ती तरी काय बोलंल.

पत्रिका आरती करून आणणार होती. फोनवर म्हणली, "तुला आधी दाखवणार नाही आई. देवीपुढंच उघड. तुझ्यासाठी त्यात एक गंमत आहे." मला बरं वाटलं. गंमत म्हंजे एकादा मोर आसंल, न्हाईतर आमच्या दोघांचा फोटो आसंल, आसं मी धरून चालले.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आरती नांदेडहून आली. उदगीरहून सत्यम आन त्याची आई आले. देऊळ भरून गेलं. वर्गातल्या सगळ्या बाया नवी लुगडी नेसून पुढं बसल्या होत्या, माझं वाचणं म्हंजे त्यांचंच वाचणं होतं. गुरवानं पत्रिकेला कुंकू लावलं आन माझ्या हातात दिली. आरती देवीच्या बाजूला हुबी होती. दोन-चार पत्रिका मागं माणसांत फिरत होत्या, त्यातली एक दादांच्या हातात.

म्या पत्रिका उघडली, आन मला तिच्यावर एकबी अक्षर दिसंना.

वर गणपती होता, तो वळखला. त्याच्याखाली एक मोठी सोनेरी वेलबुट्टी, ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत फिरलेली. आन तिच्याखाली सगळ्या कललेल्या रेघा, बारीक, शेपट्या एकमेकींत गुतलेल्या. तेच दिवाळीचं तिरपं वळण. म्या बोट ठिवाय गेले, पण सुरवात कुठं तेच कळंना. एक 'म' वाटला, पण त्याच्या पोटातून कुणाची तरी शेपटी गेली होती. दुसरं काय तरी 'क' न्हाईतर 'फ' होतं.

आरतीचं तोंड तर आसं फुललेलं, मी आता बोलणार आन ती ऐकणार म्हणून वाट बघून राहिली होती. मला तिला सांगता आलं आसतं. "पोरी, हे मला लागंना." एवढंच बोलायचं होतं. सरपंचाला तोंडावर बोलणारी मी, पण तेवढं तोंडातून निघालं न्हाई. लाज आडवी आली. दादा मागं हुबे होते, बाया पुढं बसल्या होत्या, लेकीची सासू बघत होती. आन आडखळलं तर देवी परत फिरणार होती.

मंग म्या वेलबुट्टीच्या खाली बोट ठिवलं आन पाठ म्हणाय सुरवात केली.

"आमच्या येथे श्रीकृपेकरून, श्री. शेषेराव यांची सुकन्या," म्या खणखणीत म्हणलं. मालकाचं नाव आलं तशा बाया खुसुखुसु हासल्या, नीलाबाई "वा गं वा" म्हणली. मालकांनी खाली मान घातली. कुठंबी आडखळले न्हाई. बोट ओळीवरून बराबर फिरवत होते, ओळ सरली की खाली, परत डाव्या कडंपासून. एवढी लबाडी माझ्या बोटात कुठून आली, देवीलाच ठावं. 'आपले विनीत' पर्यंत गेले, पत्रिका मिटली आन देवीच्या पायाशी ठिवली.

टाळ्या पडल्या. महामाया डोळे पुसत होती. म्या आरतीकडं बघितलं तर तिचं तोंड पार उतरलेलं.

दादा पुढं आले. चष्मा कपाळावर, पत्रिका डोळ्याला लावलेली. त्यांना माझी फजिती करायची होती आसं मी म्हणणार न्हाई. त्यांना खरंच कळंना झालं होतं.

"तारामती," ते म्हणले, "पहिलंच नाव सोडलंस की गं. तुझंच."

"माझं?"

"हे काय." त्यांनी वेलबुट्टीवर बोट ठिवलं. "'तारामती आणि शेषेराव यांची लेक आरती.' आसं लिहिलंय हितं. ह्याच्यात 'आमच्या येथे' न्हाई, 'सुकन्या' न्हाई. मंग तू वाचलंस काय?"

ती वेलबुट्टी माझं नाव होतं. राखेत लिहिलेलं, डब्यावर लिहिलेलं. म्या त्याच्याखाली बोट ठिवून दुसरंच म्हणत गेले, आन ते माझ्याकडं बघत राहिलं. जमीन दुभंगली आसती तर मी उडी टाकली आसती.

मागनं कुणी तरी हासलं. एक जण म्हणला, "पोपट हायेत रे. शिकवलं ते बोलतेत." सत्यमच्या आईनं मान फिरवून घंटेकडं बघितलं, चांगली बाई हाय म्हणून. पण ज्या बाया पुढं बसल्या होत्या, त्यांच्यातली एकबी माझ्याकडं बघंना. त्या सगळ्या आपापल्या पायाकडं बघत होत्या.

घरी जेवणं झाली. म्या वाढलं, हात चालू होते, तोंड बंद. पाव्हणे गेल्यावर मालक म्हणले, "जाऊ दे आता. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कुठं झाकलीय?" म्या म्हणलं. "दादांनी सगळ्या गावापुढं उघडून दाखवली की. आन तुमी काय करत होतात, तुमाला तर वाचता येतं."

"मला बी ते अक्षर लागंना," मालक म्हणले. "मी तुझ्याकडंच बघत होतो. लई भारी वाचत होतीस."

त्यांच्यावर तरी काय रागवायचं. मी गोठ्यामागं जाऊन बसले. थोड्या येळानं आरती आली आन शेजारी टेकली. मीच सुरवात केली.

"तुला साधी अक्षरं मिळाली न्हाईत? गावाला सांगत फिरती, नावापुरतं वापरा म्हणून. आन सख्ख्या आईपुढं आसला गुंता आणून ठिवलास."

"मी चुकले आई."

"चुकले म्हणून काय व्हतंय. लोक म्हणतेत, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं होतं की गं."

ती हासली न्हाई. मलाबी हासू आलं न्हाई. मंग ती हळूहळू सांगाय लागली. कामावरून सुटल्यावर ती महिनाभर माझ्या नावाला बसली होती. नुसत्या माझ्या नावाला. 'ता' ची शेपटी, 'ती' ची वेलांटी, सगळं तिनं आपल्या हातानं ओढून घेतलं होतं. "आजपर्यंत एवढ्या पत्रिका केल्या," ती म्हणली, "नवरीच्या आईचं नाव कुणी वर घेत नाही. 'सौ. व श्री.' असं म्हणून बापाच्या नावात टाकतात. मला तुझं वर पाहिजे होतं, सगळ्यात सुंदर पाहिजे होतं. ते एवढं चांगलं झालं, की मग खालचा उभा मजकूर त्याच्याखाली बरा दिसेना. म्हणून सगळंच तिरपं केलं. तुला वाचायचं आहे हे माझ्या डोक्यातूनच गेलं. मी बघायचाच विचार केला, वाचायचा नाही."

आपलेच दात आन आपलेच ओठ, कुणाला बोलणार. मला आधी शरम वाटत होती ती गावाची. आता निराळी वाटाय लागली. पोरीनं माझ्यासाठी एवढं केलं, आन म्या ते फुलाचं चित्र समजून सोडून दिलं. मी तिला जवळबी घेतलं न्हाई, मला त्याचीबी लाज वाटली.

"दाखव," म्या म्हणलं. "कसं वाचायचं ते दाखव."

तिनं पत्रिका मांडीवर धरली. "शेपटीकडे बघू नको. अंगठ्यानं शेपूट झाक आणि अक्षराचं पोट बघ." तिनं माझा अंगठा धरून ठिवला. शेपूट झाकल्याबराबर तिथं 'ता' होता. जरा कललेला, पण माझाच. मंग 'रा'. मंग 'म'. 'ती' ची वेलांटी मागं सगळ्या नावावरून फिरून आली होती, ती झाकाय मला तळहात ठिवावा लागला. आन मंग दिसलं, आन मला रडू आलं. तिच्यापुढं रडायचं न्हवतं, पण आलं.

"सगळ्या परत छापते," आरती म्हणली. "मजकूर उभा करते, तुझं नाव तेवढं असंच ठेवते. चालेल ना?"

"चालंल," म्या म्हणलं. ती दुसऱ्या दिशी नांदेडला गेली.

मी वर्गाला गेले न्हाई. एक दिवस, दुसरा दिवस, कंबर दुखती म्हणून सांगितलं. एका संध्याकाळी नीलाबाई आली. बसली न्हाई, दारातच हुबी राहिली.

"मीबी जात न्हाई आता," ती म्हणली. "कुणीच जाईना. पारावर बोलतेत, ह्या बायांला काय येत न्हाई, त्या पोरीनं उगं सरकारला आकडा दाखवाय पाट्या दिल्यात. महामाया एकटीच बसती वऱ्हांड्यात. तुझं आसं झालं तर आमचं काय गं, तारा? आमच्यात तूच हुशार."

"मला येतं," म्या म्हणलं.

"मंग नाव का वाचलं न्हाईस?"

ह्याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते द्यायचं म्हंजे लबाडी कबूल करायची होती. न्हाई आलं म्हणून लाज वाटणं निराळं. न्हाई आलं आन येतं म्हणून दाखवलं, त्याची लाज लई वाईट, ती दुसऱ्याच्या पदरातबी पडती. महामायाच्या पदरात पडली होती, नीलाबाईच्या पडली होती. नीलाबाई गेल्यावर रातभर तेच डोक्यात. आन देवीचं तर मी धरलंच न्हवतं. तिला कुठलं आवतण गेलं? आमच्या घरातल्या लग्नाचं गेलंच न्हाई. कुठल्या तरी जुन्या पत्रिकेतलं गेलं.

पुढच्या शुक्रवारी आरती नव्या पत्रिका घेऊन आली. चांगल्या झाल्या होत्या, उभी अक्षरं, आन वर माझं नाव तिरपं. म्या म्हणलं, "ह्या गावाला वाट. देवीपुढं मी तीच वाचणार, तिच्या पायाशी ठिवलेली."

"आई, ती अवघड आहे."

"ठावं हाय मला. पण तिला दिलंय तेच आवतण वाचावं लागंल."

म्या कुणाला बोलवलं न्हाई. पण शुक्रवार होता, बाया वटी भराय आल्या होत्या, महामाया होती, नीलाबाई होती. आन मी देवळाकडं चालले म्हणल्यावर पारावरली माणसं दारात येऊन हुबी राहिली, दादा सगळ्यांच्या पुढं. गुरवानं पायाखालची पत्रिका काढून दिली. कुंकवानं तिचा कोपरा लाल झाला होता.

"त्या दिशी म्या वाचलं न्हाई," म्या देवीला सांगितलं, पण आवाज सगळ्यांला जाईल आसा. "मला ही अक्षरं लागली न्हाईत, आन सांगायची लाज वाटली. पाठ होतं ते म्हणलं. महामायानं मला पाठ करू नगं म्हणून सांगितलं होतं. चूक तिची न्हाई." कान आसे तापले होते की बास. दारात कुणी तरी खाकरलं. म्या मागं बघितलं न्हाई.

मंग तळहातानं वेलांटी झाकली.

"तारामती," म्या वाचलं. आपलंच नाव देवीपुढं आसं मोठ्यानं म्हणायचं, म्या कवा म्हणलं न्हवतं. मालकाचं म्हणायची सवय केली होती, माझं म्हणायची केलीच न्हवती. आवाज फाटला. परत म्हणलं. "तारामती. आणि. शेषेराव. यांची. लेक. आरती."

एकेक शेपूट झाकत, एकेक अक्षर लावत गेले. मधी लई येळ जात होता. बायांच्या हातातल्या वट्या तशाच राहिल्या. सत्यमचं नाव आलं, उदगीर आलं, वार आला. "तुम्ही. सगळ्यांनी." इथवर आले आन पुढं एक लांबलचक शब्द आला. 'मं' लागला, 'ग' लागला, आन पुढं अक्षरात अक्षर आडकलेलं, त्याच्यावर मात्रा, त्याच्यावर परत तुरा. अंगठा ह्या बाजूनं ठिवला, त्या बाजूनं ठिवला. लागंना.

आरती खांबाजवळ हुबी होती. तिचे ओठ हालाय लागले. म्या तिच्याकडं डोळे वटारले, तशी ती थांबली.

"हे मला येत न्हाई," म्या म्हणलं.

दारातून दादा म्हणले, "मंग आवतण अर्धं राहिलं का?"

"हाव दादा," म्या म्हणलं. "राहिलं अर्धं."

लाज वाटली, न्हाई आसं न्हाई. मान खालीच होती माझी. तेवढ्यात नीलाबाई उठली. वटीचं ताट महामायाच्या हातात दिलं, माझ्या शेजारी येऊन बसली आन पत्रिकेत डोकं घातलं.

"मंगळसूत्र आसंल," ती म्हणली.

"अंदाजानं म्हणू नगंस," म्या म्हणलं. "अंदाजानं मी एकदा म्हणून बसले. तिकडून तू शेपूट झाक, हिकडून मी झाकते."

तिनं अंगठा ठिवला. देवीला काय घाई न्हवती, आन आमालाबी न्हवती. आम्ही दोघी अक्षर लावत बसलो.